घोंगडीचा वास येणारं तेल: फ्लुइड फिल्म आणि ओंटारियोतले चार हिवाळे

गेल्या एप्रिलच्या शेवटी, बर्फ वितळवायला हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ दोन-तीन चांगल्या पावसांनी धुऊन गेल्यावर, मी गाडी रॅम्पवर चढवली, खाली पुठ्ठे अंथरले आणि कपाळाला टॉर्च बांधून आत शिरले. ड्रायव्हरच्या दाराखाली, जॅक लावतात ती दुमडलेली पट्टी असते ना, तिथली बोटभर जागा फडक्याने पुसली. वरचा थर काळपट, धूळ धरलेला, हाताला थिजलेल्या तुपासारखा. त्याच्याखाली कंपनीचा मूळ रंग निघाला, जसाच्या तसा. शेजारचा बोल्ट पान्याला लगेच वळला. गाडी २०१९ ची आहे, रोज कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात किचनर ते केंब्रिज ये-जा करते, त्यातला बराचसा रस्ता हायवेचा, आणि नोव्हेंबर ते मार्च ती अक्षरशः मिठाच्या चिखलात चालते. २०२१ च्या ऑक्टोबरपासून मी तिला खालून फ्लुइड फिल्म नावाचं गंज रोखणारं तेल मारते आहे. चार हिवाळे झाले. आता त्याबद्दल खात्रीने बोलता येईल असं वाटतं, म्हणून लिहिते.

मी शिरोड्याची. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे आमच्या गावाचं नाव इतिहासात आलं, पण आम्हा मुलांना मिठागरं म्हणजे उन्हात चमकणारे पांढरे ढीग, एवढंच. खारा वारा खिडकीचे गज खातो, सायकलची चेन खातो, कौलांखालचे खिळे खातो, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. बाबा वेंगुर्ला आगारात एसटीचे मेकॅनिक होते. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, ओळखीतल्यांच्या जीपा आमच्या अंगणात यायच्या आणि बाबा खाली झोपून चेसिसला, पाट्यांना ब्रशने तेल लावायचे. त्यामुळे गंज म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. फक्त एवढ्या थंडीत, समुद्रापासून एवढ्या लांब, तो इतका माजेल असं वाटलं नव्हतं.

इथलं मीठ येतं कुठून ते एकदा उन्हाळ्यात बघून आले. ह्युरॉन सरोवराकाठी गोडरिच नावाचं सुंदर गाव आहे. १८६६ मध्ये तिथे तेलासाठी बोअर मारत होते, तेल लागलं नाही, मीठ लागलं. आज तिथे सरोवराच्या तळाखाली सुमारे ५५० मीटर खोल जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. आमच्याकडे मीठ उन्हात पिकतं, इथे ते जमिनीच्या पोटातून काढतात. कॅनडाभर वर्षाला साधारण ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं. त्याशिवाय इथे हिवाळ्यात गाडी चालवणं अशक्य आहे, तेव्हा माझी मिठाबद्दल तक्रार नाही. ते माणसं वाचवतं. गाडी आपण वाचवायची.

पण ते काम कसं करतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. साधं मीठ उणे दहा अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत बर्फ वितळवतं. थंडी त्याहून वाढली की कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. बर्फ पडणार असं दिसलं की आदल्या दिवशीच टँकर येऊन रस्त्यावर खारं पाणी सोडून जातात. सकाळी कामाला निघालं की डांबरावर पांढऱ्या समांतर रेषा दिसतात, त्या याच. त्या पाण्यात मीठ साधारण २३ टक्के असतं, कारण त्या प्रमाणात ते उणे २१ पर्यंत गोठत नाही. म्हणजे बाहेर सगळं गोठलेलं असताना तुमच्या गाडीच्या पोटाला लागलेलं पाणी मात्र पातळच राहतं. लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी पुरतं, पण पाण्यात मीठ आलं की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजाचा वेग कितीतरी वाढतो. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात आपल्या घरी मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, ते का टाकतात हे आठवा. तेच ओलं मीठ दाराच्या आतल्या खोबणीत महिनोन्महिने बसलेलं असतं.

माझी पहिली गाडी याच प्रकाराने गेली. सेकंडहँड सेडान होती, इंजिन ठणठणीत. ती विकायला काढली तेव्हा सेफ्टी सर्टिफिकेटसाठी गॅरेजमध्ये नेली. ओंटारियोत त्या कागदाशिवाय वापरलेली गाडी नव्या मालकाच्या नावावर रस्त्यावर आणता येत नाही. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली आणि मला जवळ बोलावलं. दाराखालच्या लांब पट्टीला, म्हणजे रॉकर पॅनलला, त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला. ठोकला नाही, नुसता टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर त्याच्या हातावर तपकिरी पापुद्रे पडले, जुन्या झाडाच्या सालीसारखे, आणि त्यांच्यामागून ओली माती आणि मीठ. बाहेरून त्या जागी रंगाला फक्त दोन फुगे आले होते. मी रोज गाडी पुसायची, ते फुगे रोज बघायची, आणि मला वाटायचं खडे उडाले असतील. मागच्या ब्रेक पाइपवरही गंजाचे पोपडे होते. ते बघून मात्र माझ्या पोटात गोळा आला, कारण मुलगी मागच्या सीटवर बसायची. गाडी भंगारात गेली.

म्हणून २०१९ मध्ये नवी गाडी घेताना, विकणाऱ्याने 'कायमचं अंडरकोटिंग' असं सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. हप्त्यात काही डॉलर वाढणार होते, पण आता चिंता मिटली असं वाटलं. खालून रबरासारखा काळा जाड लेप होता तो. दिसायला देखणा. २०२१ च्या वसंतात मागच्या चाकाजवळ तो एका जागी सुटलेला दिसला, म्हणून पुट्टी लावायच्या पत्तीने कड उचलली. आतून पाणी आलं. थेंबभर नाही, ओघळ. तळहाताएवढा तुकडा अख्खा सुटून हातात आला आणि त्याच्या आतल्या बाजूला नारिंगी गंजाचा ठसा उठला होता. खडा लागून लेपाला कुठेतरी बारीक चीर गेली असणार, तिथून खारं पाणी आत शिरलं आणि लेपानेच त्याला सुकू दिलं नाही. दुकानात तक्रार केली तर वॉरंटीच्या अटी पुढे आल्या: दरवर्षी तपासणी करायला हवी होती म्हणे. ते कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत.

त्या रात्री बाबांना व्हिडिओवर तो तुकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाले, "गो, लोखंडाक सुकणारा काय लावू नको. आदी धुव, सुकव, मगे तेल मार. आणि वरसाक एकदा परत मार." बस्स. मग मी न सुकणाऱ्या तेलाच्या शोधाला लागले आणि फ्लुइड फिल्मपर्यंत पोचले.

फ्लुइड फिल्म हे लॅनोलिनवर, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीवर, आधारलेलं तेल. ती लोकर धुताना निघते. त्यात विरघळवणारं रसायन नसतं, त्यामुळे ते वाळून कडक होत नाही, तडकत नाही. लोखंडावर मऊ थर धरून राहतं आणि हळूहळू सांध्यांत झिरपतं. जहाजांच्या पोटातल्या पाण्याच्या टाक्यांसाठी हा प्रकार आधीपासून वापरात होता. पहिल्यांदा डबा उघडला आणि मी तशीच बसून राहिले. वास अगदी ओल्या घोंगडीचा होता. पावसात शेतावरून आल्यावर आजोबा पडवीत खुंटीवर घोंगडी टांगायचे, तोच वास, किचनरमधल्या गॅरेजमध्ये. घोंगडीवरून पाऊस ओघळून जातो, त्यात या चरबीचा मोठा वाटा असतो. मेंढीच्या अंगावरून पाणी ढकलणारी गोष्ट गाडीच्या अंगावरूनही ढकलते, हे मला लगेच पटलं.

आता प्रत्यक्ष काम. स्प्रेचे छोटे कॅन मिळतात आणि गॅलनचा, म्हणजे पावणेचार लिटरचा डबाही मिळतो. पहिल्या वर्षी मी कॅन आणले. एका मध्यम गाडीला पाच लागले आणि बोट दुखून आलं. दुसऱ्या वर्षी गॅलन घेतला, त्याच्यासाठीची गन घेतली आणि शेजाऱ्यांचा कंप्रेसर मागून आणला. गनसोबत लांब बारीक नळी येते, तिच्या टोकाला चहूबाजूंना फवारणारं नोझल. सगळा फरक त्या नळीत आहे. रॉकर पॅनलच्या आत, दारांच्या पोटात, डिकीच्या दाराच्या खालच्या कडेत, चेसिसच्या पोकळ दांड्यांत, जिथे हात जात नाही तिथे ती जाते. गाडी आतून बाहेर गंजते. बाहेर फुगा दिसतो तेव्हा आतलं काम झालेलं असतं. त्यामुळे कुणी फक्त खालून उघड्या भागावर फवारून देत असेल तर ते अर्धं कामसुद्धा नाही. आत जायला बहुतेक ठिकाणी कंपनीनेच भोकं ठेवलेली असतात, रबरी बुचं लावलेली. बुच काढायचं, नळी शेवटपर्यंत सारायची, ट्रिगर दाबून सावकाश मागे ओढत आणायची, बुच परत लावायचं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात, ती आधी दातकोरणीने मोकळी करायची. ती बुजली की दार म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी.

त्याआधी गाडी खालून कडक प्रेशरने धुवायची आणि दोन कोरडे दिवस बघायचे. ओल्यावर तेल मारलंत तर मीठ आत कोंडलं. रबरी लेप होता तो मी पहिल्या वर्षी जिथे जिथे सुटत होता तिथे खरवडून काढला, तारेच्या ब्रशने गंज घासला, आणि मग तेल. त्याला तीन शनिवार-रविवार गेले. माझ्या नवऱ्याने एक अख्खा रविवार नुसता खरवडण्यात घालवला, त्याचं श्रेय त्याला. ज्यांची गाडी नवी आहे त्यांना एका दुपारी होईल.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. रॅम्प किंवा स्टँड हवेच, आणि टेकलेल्या चाकांमागे अडसर. दुसरं, ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर एक थेंबही जाता कामा नये. मी चारही डिस्कना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधते आणि काम संपल्यावर पिशव्या मोजते. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क लावा, तेलाचा धुरळा छातीत जाऊ नये.

उणिवा आहेत, त्या सांगते. चाकांच्या वर, मडगार्डच्या आत, जिथे टायर सतत चिखल मारतो, तिथे हे तेल फेब्रुवारीपर्यंत धुऊन जातं. मी जानेवारीत एखादा उबदार दिवस बघून तिथे कॅनने पुन्हा हात मारते. नैसर्गिक रबर याने फुगतं, मऊ पडतं. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांवर मुद्दाम मारू नका, चुकून उडालं तर पुसून काढा. सायलेन्सरवर उडालेलं पहिल्या दोन दिवसांत जळतं आणि धूर दिसतो, घाबरू नका. गाडीत पंधरा दिवस वास राहतो. मला तो आवडतो, माझ्या मुलीला अजिबात आवडत नाही, ती आठवडाभर खिडकी उघडून बसते. नंतर कधी गाडी दुरुस्तीला नेली तर मेकॅनिकचे हात काळे होतात, त्याला आधी सांगून ठेवा. आणि ज्या पत्र्याला भोक पडलंय त्याला हे वाचवणार नाही. ते कापून नवा पत्रा वेल्ड करण्याचं काम आहे.

इथे दरवर्षी पातळ तेल फवारून देणारी दुकानंही आहेत, आणि ती वाईट नाहीत. पातळ तेल बारीक सांध्यांत अधिक खोल जातं, हे मान्य करायला हवं. मी तिसऱ्या वर्षी दारांच्या आतून त्यांच्याकडून करून घेतलं होतं, काम चोख होतं. पण ते पातळ असल्यामुळे दोन दिवस गाडीखालून ठिबकत राहतं, आणि उघड्या भागावरून लवकर उतरतं. लॅनोलिन जाड आहे, जिथे लावाल तिथे बसतं. ज्यांना जागा नाही, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये राहतात, त्यांनी दुकानात जावं, ऑक्टोबरची वेळ आधी घ्यावी, आणि दारांच्या व पट्ट्यांच्या आतून मारणार का हे स्पष्ट विचारावं. मारणार नसतील तर दुसरीकडे जावं.

एक विनंती खास आपल्या लोकांना. बरेच जण मला म्हणतात, गावाकडे जळकं ऑइल लावायचे, तेच लावू का? बाबाही लावायचे. इथे नका लावू. इंजिनातून काढलेल्या तेलात धातूंचा चुरा आणि आम्लं असतात, आणि जे ठिबकतं ते गटारातून नदीत जातं. आमची ग्रँड नदी आधीच मीठ पिऊन चालली आहे. रस्त्यावरचं मीठ नद्या-तळ्यांना घातक आहे हे २००१ मध्येच कॅनडाच्या पर्यावरण खात्याने मान्य केलं आहे; त्यात आपली भर नको.

धुण्याबद्दल लोकांचा गोंधळ असतो, म्हणून तेही. तेल मारलं तरी धुवावं लागतंच. तापमान शून्याच्या वर गेलं की मी नाणी टाकून धुवायच्या बेमध्ये जाते आणि फवारा खाली धरून चाकांच्या आतून, दाराखालून मीठ काढते, पण नोझल अगदी जवळ नेत नाही, नाहीतर तेलही जातं. धुऊन झाल्यावर दारांची रबरं फडक्याने कोरडी करते. एकदा केली नव्हती तर दुसऱ्या दिवशी उणे सतरामध्ये चारही दारं थिजली आणि रात्रपाळीहून सुटून मी पार्किंगमध्ये वीस मिनिटं दार ओढत उभी होते. आणि गरम गॅरेज असणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: बर्फाचा चिखल लागलेली गाडी रोज उबेत उभी केली की चिखल वितळून रात्रभर गंज चालू राहतो. उणे पंधरात बाहेर उभी असलेली गाडी त्या रात्री कमी गंजते. आमचं गॅरेज गरम नाही, आणि आता मला त्याचं बरंच वाटतं.

खर्चाचं गणित माझ्यापुरतं असं: गॅलन शंभर डॉलरच्या आसपास पडला आणि माझ्या गाडीला एका वेळी पाऊण लागतो. गन एकदाच घ्यायची. दुकानात दरवर्षी दीडशे ते दोनशे जातात. पहिल्या गाडीच्या रॉकर पॅनलच्या दुरुस्तीचा अंदाज मला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त मिळाला होता.

फ्लुइड फिल्मला मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो मडगार्डसाठी. नवीनच कॅनडात आला असाल आणि पहिली गाडी घेतली असेल, तर विकणाऱ्याने पुढे केलेल्या कायमच्या लेपावर सही करू नका, ते पैसे ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये हे मारा. जुनी गाडी घेत असाल तर आधी गुडघ्यावर बसून रॉकर पॅनलची खालची कड बोटाने चाचपा. खरखरीत आणि फुगीर लागली तर भाव करायच्या भानगडीत न पडता निघून या.

यंदाचा डबा आणून ठेवलाय. आज गॅरेजमध्ये ११ अंश आहेत, म्हणजे तेल जाड झालं असणार. मारायच्या आधी डबा अर्धा तास कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायचा, मग ते नळीतून सरळ येतं. शनिवारी ऊन आहे. बाबांनी व्हिडिओ लावून ठेवायला सांगितलंय, मागचा ब्रेक पाइप त्यांना स्वतः बघायचा आहे.